दिपेशच्या वाटणावर नोटीस

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरून कधी मिक्सरचा आवाज आला नाही, तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. बाहेरून पहिल्यांदा कुणी आलं की विचारतं, खाली पोळीभाजी केंद्र आहे का हो? मी म्हणते, नाही, वेबसाइट आहे. मग ते माझ्याकडे असं बघतात की मलाच काहीतरी झालंय.

वेबसाइट दिपेशची. दिपेश केणे. डोंबिवली पूर्वेला आयरे गावात ही जी आमची चार मजली बिल्डिंग उभी आहे, ती त्याच्या आजोबांच्या भातशेतीवर. जागा त्यांची, त्यामुळे तळमजला त्यांचा, आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही, मूळचे चिपळूणकडचे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा दिपेश शाळेत होता. आता दोन पोरांचा बाप आहे, दारातून आत येताना खांदे तिरके करून येतो एवढा आडवातिडवा, आणि स्वभाव म्हणाल तर गाईचा. त्याला रागवायला येत नाही, ते काम मला करावं लागतं. मी नंदा. माझं डोकं पटकन फिरतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको.

कॉलेज झाल्यावर दिपेश ठाण्याला वर्तकनगरमध्ये एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सेल्समन म्हणून लागलेला. मिक्सर, गीझर, इस्त्री. एकदा एक बाई मोठा महागडा मिक्सर घ्यायला आल्या. याने त्यांना सरळ सांगितलं, काकू, हा नका घेऊ, ओलं खोबरं नीट वाटलं जात नाही याच्यात, तो खालच्या फळीवरचा घ्या. काकू खूश होऊन गेल्या. मालकाने याला घरी पाठवलं. घरी आल्यावर त्याला वाईट कसलं वाटलं असेल, तर नोकरी गेल्याचं नाही. बाकीच्या बायकांना आता कोण सांगणार, याचं.

तर त्याने वेबसाइट काढली. नाव ठेवलं ‘वाटून बघा’. काम असं की बाजारात आलेला मिक्सर आणायचा, घरात वापरायचा, आणि जे असेल ते मराठीत लिहायचं. वाचणाऱ्याला पटलं की तो तिथल्याच लिंकवर बोट ठेवतो, ती लिंक त्याला खरेदीच्या मोठ्या साइटवर नेते, तिथे त्याने मिक्सर घेतला की थोडं कमिशन दिपेशला. याला म्हणतात अफिलिएट. मला हे कळायला बराच वेळ लागला. त्याच्या काकांना, काळुरामकाकांना, अजून कळलेलं नाही. त्यांचा रेती-विटांचा सप्लाय आहे, दोन ट्रक आहेत, आणि त्यांचं ठाम मत आहे की माणूस एक तर ट्रकवर असतो नाहीतर रिकामा असतो.

पण साइट चालली, ती शकूमावशींमुळे. शकूमावशी म्हणजे दिपेशची आई. मिक्सर किती वॉटचा, किती फेरे घेतो, हे सगळं दिपेश लिहायचा, पण खरी परीक्षा मावशींची. मिक्सर आला की त्यात आगरी पद्धतीचं वाटण करायचं: ओलं खोबरं, आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, पाणी अगदी नावाला. मग मावशी चिमूट उचलून अंगठा आणि बोटात चोळून बघणार. खोबऱ्याची कणी लागली की मिक्सर नापास. वास आला की मोटर तापली, तोही नापास. प्रत्येक लेखात हा भाग वेगळा असायचा, त्याला दिपेशने नाव दिलं ‘वाटण टेस्ट’. पुण्याच्या, नगरच्या, पार नागपूरच्या बायका बाकीचं काही न वाचता थेट तिथे यायच्या. पास झालेले मिक्सर भाच्या-पुतण्यांच्या लग्नात आहेर म्हणून जायचे. केण्यांच्या नात्यात सध्या एकही घर मिक्सरशिवाय नाही.

आता घोळ कुठे झाला ते सांगते. वेबसाइटवरच्या प्रत्येक पानाला एक पत्ता असतो, तो इंग्रजी अक्षरांत लिहावा लागतो. आपण सगळे फोनवर मराठी इंग्रजी अक्षरांत कशी लिहितो? हाताला येईल तशी. दिपेशने लिहिलं डब्ल्यू ए टी ए एन. वाटण. आपल्या कुणालाही ते वाटणच वाचता आलं असतं. पण दिल्लीकडे एक मिक्सरची कंपनी आहे, तिचं नाव ‘वतन’. देश या अर्थाचं वतन. त्याचंही स्पेलिंग तेच.

कंपनीने म्हणे इंटरनेटवर आपलं नाव कोण चोरून वापरतं ते शोधायला मशीन लावलेलं. त्या मशीनला काय दिसलं, तर डोंबिवलीतला एक माणूस दुसऱ्याच कंपन्यांचे मिक्सर विकतोय आणि प्रत्येकावर ‘वतन टेस्ट’ असं लिहितोय. झालं. त्यांनी खरेदीच्या साइटकडे तक्रार केली, साइटने दिपेशचं खातं गोठवलं. सगळ्या लिंका मेल्या. आणि वर नोटीस.

मी ठाण्याला कोर्टाजवळ महिपत वकिलांकडे टायपिंग करते. दिवसभर नोटिसाच टाइप करते मी. नोटिशीची भाषा कशी असते मला विचारा. समोरच्याच्या तोंडचं पाणी पळवायचं, एवढंच तिचं काम. पण दिपेशच्या आयुष्यातली ती पहिली. संध्याकाळी मी कामावरून आले, तर हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेला. त्याने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, तुरुंगात टाकतील का?

मी तिथेच उभी राहून वाचला. नुकसानभरपाई, दंड, साइट कायमची बंद, सगळं होतं. आणि मागे एक तयार माफीनामा जोडलेला. त्यावर सही करा, म्हणजे आम्ही तक्रार मागे घेऊ. माफीनाम्यात काय, तर मी जाणूनबुजून दुसऱ्याचं नाव वापरलं आणि ग्राहकांना फसवलं.

ग्राहकांना फसवलं! हे वाचलं आणि माझं टाळकंच सटकलं. ज्या माणसाची नोकरी ग्राहकाला न फसवल्यामुळे गेली, त्याने हे लिहून द्यायचं? मी जिन्यात इतक्या जोरात बोलले असेन की वरच्या मजल्यावरचे वाकून बघायला लागले.

पण दिपेश सही करायला तयार होता, हे मला जास्त लागलं. त्याचं म्हणणं, मिटतंय ना, मिटवू या. काळुरामकाका तर पेन घेऊनच बसलेले. त्यांच्या मते ही चांगलीच संधी होती, सही करायची, ते मिक्सर भंगारात द्यायचे आणि उद्यापासून ट्रकवर यायचं. दिपेशची बायको निशा नुसती त्या कागदाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्यात शकूमावशी आतून हात पुसत आल्या. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, कसला कागद? दिपेश म्हणाला, आये, तुझ्या वाटनावर दिल्लीवाल्यांनी केस केलीय.

“माज्या वाटनाला चोरी बोलतंय कोन?” मावशी म्हणाल्या. “मी काय त्यांचे घरान जाऊन वाटला काय?”

आगरीत ण नसतो. मावशींच्या तोंडी ते कायम वाटनच. दिपेशच्याही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या ‘न’मुळे झाला.

मी दिपेशला सांगितलं, सही करायची नाही, उद्या माझ्याबरोबर ठाण्याला यायचं, महिपत वकिलांना दाखवू. त्याने मान डोलावली. पण स्वभाव गाईचा ना. त्याला वाटलं, वकिलाला कशाला त्रास, आपणच प्रेमाने समजावलं तर माणसं ऐकतात. सकाळी माझी अंघोळ होईपर्यंत याने नोटिशीवरचा नंबर फिरवलेला. कंपनीच्या कायदा विभागातले कुणी साहेब फोनवर आले. दिपेशचं हिंदी रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं. त्याने काय सांगितलं, ते नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं आणि मी कपाळाला हात लावला.

त्याने सांगितलं, “साहब, आप लोग समझे नहीं. वाटन तो हम रोज पीसते हैं. मेरी माँ सुबह-सुबह वाटन पीसती है, फिर हम उसको मटन में डालके खा जाते हैं.”

मग साहेबांनी विचारलं की तुम्ही वतनबद्दल असं कसं बोलू शकता? दिपेशला वाटलं, साहेबांना रेसिपी पटली नाही. त्याने आणखी समजावलं की आमच्या गावात सगळेच पीसतात, आमच्या बापजाद्यांपासून पीसत आलेत. साहेबांनी फोन ठेवला.

दुसरी नोटीस ईमेलने दुपारीच आली, आम्ही ठाण्याला वकिलांच्या ऑफिसात बसलेलो असताना. त्यात पहिलं सगळं होतंच, वर एक नवीन परिच्छेद. सदर इसमाने दूरध्वनीवर वतन या पवित्र शब्दाबाबत अत्यंत आक्षेपार्ह उद्गार काढले, आणि असेच उद्गार त्याचे पूर्ण गाव काढते असे अभिमानाने सांगितले. महिपत वकिलांनी तो परिच्छेद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग त्यांना हसू आवरेना. इतकी वर्षं त्यांच्याकडे आहे, त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मला मात्र हसू येत नव्हतं. समोर दिपेश खुर्चीत आक्रसून बसलेला, एवढा मोठा माणूस, आणि त्याचं अख्खं गाव आता देशद्रोही ठरायच्या बेतात.

हसून झाल्यावर वकील कामाला लागले. त्यांनी दिपेशला समजावलं की एखादा शब्द नाव म्हणून नोंदवला तरी रोजच्या बोलण्यातला दुसरा शब्द काही कुणाच्या बापाचा होत नाही. तू त्यांचा मिक्सर विकलास का, दुसऱ्याच्या मिक्सरवर त्यांचं नाव चिकटवलंस का, वाचणारा फसला का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच. मग सही कशाची? त्यांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं, आणि खरं सांगते, एवढ्या जोरात मी कळा कधी बडवल्या नव्हत्या. एक प्रत खरेदीच्या साइटलाही पाठवली. तिकडून लगेच आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. दुसऱ्यांदा पाठवलं, परत तेच आलं. तिसऱ्यांदाही. शेवटी एवढं कळलं की तक्रार करणाऱ्याने ती मागे घेतली, तरच खातं उघडेल. म्हणजे गाठ परत त्या दिल्लीच्या साहेबांशीच.

वकिलांनी कंपनीला कळवलं की लिहून समजत नसेल तर व्हिडिओवर बोलू, आणि बोलणं ऑफिसात नको, वादाची वस्तू जिथे आहे तिथेच होईल. वादाची वस्तू म्हणजे वाटण, ते डोंबिवलीत. शनिवार ठरला. वकील स्वतः ठाण्याहून आले. मला म्हणाले की अशिलाच्या हितासाठी येतोय. पण आल्याआल्या त्यांनी शकूमावशींना विचारलं, मटण गावठी आहे का? तेव्हा मला हित कुणाचं ते कळलं.

निशाने फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा केला. दिल्लीचे साहेब दिसले, टाय वगैरे घातलेले, चेहरा कडक. वकिलांनी बोलायला सुरुवात केली, साहेबांनी त्यांना मध्येच तोडलं आणि विचारलं की तो पीसनेवाला कुठे आहे? दिपेश घामाघूम. तो पुढे येणार, तेवढ्यात शकूमावशींनी त्याला हाताने बाजूला केलं आणि फोन उचलून तोंडासमोर धरला. साहेबांना नुसतं मावशींचं नाक दिसत असणार.

मावशींनी एक अक्षर हिंदी बोलायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी फोन खाली ताटाकडे वळवला आणि एकेक दाखवत गेल्या. खोबरा. लसून. आला. मिरची. कोतमीर. मग सगळं भांड्यात टाकलं, झाकण दाबलं आणि मिक्सर सुरू केला. साहेब पलीकडून काहीतरी बोलत होते, ते कुणालाच ऐकू आलं नाही. मिक्सर बंद झाला. मावशींनी झाकण काढून भांडं फोनला जवळजवळ टेकवलंच आणि म्हणाल्या, “ह्यो वाटन. आता सांग, ह्यो तुजा का माजा?”

साहेब त्या हिरव्या गोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, ये तो मसाला है ना? वकील म्हणाले, हो, याला मराठीत वाटण म्हणतात, वाटायचं म्हणून वाटण. साहेबांनी म्हणून बघितलं. वाटड. वकिलांनी परत सांगितलं, ण. साहेब म्हणाले, वाटर. मग त्यांनी पलीकडे कुणालातरी हाक मारली, दोघंतिघं येऊन भांड्यात डोकावली, आणि कुणीतरी हसलं. एकदा हसू फुटल्यावर साहेबांचाही टाय सैल झाला. त्यांना बहुतेक दूरध्वनीवरची सगळी वाक्यं एकेक करून आठवत असावीत, कारण ते मध्येच थांबायचे आणि परत हसायचे. वकील म्हणाले की तोंडात ण बसला नाही तरी चालेल, तक्रार मागे घेतल्याचं तेवढं लिहून द्या.

त्यांनी दिलं. माफी वगैरे काही नाही हं. दोन ओळींचा ईमेल, की गैरसमज दूर झाला असून प्रकरण बंद करण्यात येत आहे. मी म्हणत होते की आता आपण त्यांना नोटीस पाठवू, एवढे दिवस याची झोप उडवली त्याची. वकील रस्सा वाढून घेत म्हणाले, नंदाबाई, जेवा. मग खातं उघडलं, लिंका जिवंत झाल्या. दिपेशने प्रत्येक लिंकवर बोट ठेवून बघितलं, आणि निशाने देवापुढे पेढे ठेवले. काळुरामकाकांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले की ट्रकवरची जागा तरीपण मोकळी आहे.

इथे मला वाटलं, संपलं. पण कंपनीचा आणखी एक ईमेल आला. आमचा नवीन मिक्सर तुम्हाला भेट पाठवतो, तुमची ती टेस्ट करा. दिपेशने उलट लिहिलं की फुकट घेत नाही, आणि स्टेशनजवळच्या दुकानातून स्वतः विकत घेऊन आला.

त्या दिवशी तळमजल्यावर सगळे जमलेलो. सगळ्यांच्या मनात एकच, हा मिक्सर नापास व्हायला हवा. निशाच्या, काकांच्या, आणि माझ्या तर काय विचारूच नका. मी मनातल्या मनात शीर्षकसुद्धा तयार केलेलं. मावशींनी त्यातल्या त्यात निबर नारळ निवडला. पाणी नेहमीपेक्षा कमी घातलं, ते मी बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. मिक्सर फिरला. मावशींनी चिमूट उचलली, चोळली. परत चोळली. मग बोट दिपेशपुढे केलं. त्याने चोळून बघितलं. मी पण बघितलं. कणी नाही. लोण्यासारखं मऊ. दिपेशने लागोपाठ परत दोनदा वाटलं, मोटरला नाक लावून हुंगलं. वास नाही.

मग मीच तोंड उघडलं. मी म्हटलं, दिपेश, लिहू नकोस. हा मिक्सर आलाच नाही असं समज. नाहीतर लिही, बरा आहे म्हणून, एका ओळीत. खोटं बोल असं मी म्हणत नाही, पण त्यांनी तुला चोर म्हटलं, लबाड म्हटलं, तुझ्या आईच्या वाटणावर बोट ठेवलं. आपण त्यांचं गुणगान का गायचं? मला खरंच राग होता. अजूनही आहे.

दिपेश भांड्याच्या कडेचं वाटण पुसून घेत होता. तो म्हणाला, “ताई, मग ग्राहकांना फसवलं म्हणून त्या कागदावर मला सही का नाही करू दिलीस?”

मी मिक्सरची वायर गुंडाळायला घेतली. मावशींनी नुसतं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वाटण मटणात टाकायला आत घेऊन गेल्या.

त्याने तिथेच बसून लिहिलं. वतन कंपनीचा मिक्सर, वाटण टेस्टमध्ये पास, आतापर्यंतच्या सगळ्यांत बारीक. पत्त्याचं स्पेलिंगही बदललं नाही. लेख भरपूर वाचला गेला. गणपतीत माझा जुना मिक्सर बसला, तेव्हा नवीन घ्यायची वेळ आली. मी तोच घेतला, दिपेशच्याच लिंकवरून. कंपनीला शिव्या घालत घेतला, पण घेतला.